शोधनिबंध, शोधपत्रिका आणि अदिन्नादान
(संस्थेच्या विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)





आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून काही ज्येष्ठ सभासदांना आश्चर्य वाटले असेल. शोधपत्रिकांमधील वाङ्मयचौर्य हा विद्यापीठातल्या लोकांचा विषय, आपल्या कल्याणकारी संस्थेचा त्याच्याशी काय संबंध, असा प्रश्न मनात येणे साहजिक आहे. संबंध असा आहे की आपल्या सभासदांच्या घरांतून आता एम. ए. होऊन पीएच.डी.साठी नोंदणी केलेली मुले-मुली आहेत. कोणाला बार्टीची अधिछात्रवृत्ती मिळते, कोणी नोकरी सांभाळून प्रबंध लिहितो. ज्या घरातला आजोबा अंगठा लावत होता त्या घरात पहिला शोधनिबंध लिहिला जात आहे. अशा पहिल्या निबंधावर चोरीचा आरोप आला तर तो एका विद्यार्थ्यावर थांबत नाही. "बघा, आम्ही म्हणत होतोच" असे बोलायला टपून बसलेले लोक या देशात कमी नाहीत. हे अन्यायाचे आहे, कारण तोच गुन्हा दुसऱ्या कोणी केला तर तो त्याच्या एकट्याचा ठरतो. पण अन्यायाचे आहे म्हणून ते घडत नाही असे नाही. तेव्हा या विषयाची चर्चा विहारात झाली तर बिघडले कोठे?

आता शब्दाकडे येऊ. वाङ्मयचौर्य म्हणजे दुसऱ्याचे लेखन किंवा दुसऱ्याची कल्पना आपली म्हणून पुढे करणे. यात केवळ वाक्ये उतरवून काढणे येते असे समजू नका. वाक्ये बदलली पण विचाराचा सांगाडा दुसऱ्याचाच राहिला, तक्ता दुसऱ्याचा घेतला, इंग्रजी लेखाचे मराठी करून खाली आपले नाव घातले, हे सर्व त्यातच मोडते. आपण रोज पंचशील घेतो. त्यातले दुसरे शील आपण घाईत चोरीपुरते घेतो. पण तेथे शब्द अदिन्नादान असा आहे, म्हणजे जे दिलेले नाही ते घेणे. चोरीपेक्षा हा शब्द विस्तृत आहे. लेखकाने आपला ग्रंथ वाचायला दिला, त्यातला विचार वापरायलाही दिला. फक्त त्याचे श्रेय त्याने दिलेले नाही. ते आपण घेतले तर ते अदिन्नादान होय.

येथे एक गोंधळ दूर केला पाहिजे. कायद्याचा स्वामित्वहक्क वेगळा आणि श्रेय वेगळे. आपल्याकडे १९५७ च्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे राहतो. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण १९५६ साली झाले. म्हणून त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन १ जानेवारी २०१७ पासून सर्वांसाठी खुले झाले. ते कोणीही छापावे, वाटावे. पण त्यातले एखादे प्रकरण आपल्या नावाने शोधपत्रिकेत देण्याचा अधिकार त्यामुळे कोणाला मिळाला काय? मुळीच नाही. कायद्याची मुदत संपते, श्रेयाला मुदत नसते.

बाबासाहेबांचे नाव निघालेच आहे, तर या बाबतीत त्यांनी स्वतः काय केले ते पाहू. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातिसंस्थेवरचा निबंध वाचला. तेव्हा त्यांचे वय पंचवीस होते, म्हणजे येथे बसलेल्या अनेकांचे आहे तेवढेच. पुढच्या वर्षी, मे १९१७ मध्ये, तो 'इंडियन अँटिक्वरी' या शोधपत्रिकेत प्रसिद्ध झाला. आपण या निबंधाचे नाव भाषणात घेतो, त्याची बांधणी मात्र पाहत नाही. आरंभी ते चार अभ्यासकांच्या जातीच्या व्याख्या समोर ठेवतात: फ्रेंच विद्वान सेनार, नेस्फिल्ड, सर रिस्ले आणि आपले डॉ. केतकर, म्हणजे पुढे ज्ञानकोशकार म्हणून प्रसिद्धीस आलेले श्रीधर व्यंकटेश केतकर. प्रत्येकाचे नाव, प्रत्येकाचे म्हणणे, आणि मग त्यात उणे काय. केतकरांना ते मान देतात, कारण त्यांनी जातीकडे सुटे न पाहता संपूर्ण जातिव्यवस्थेच्या संदर्भात पाहिले. लगेच पुढे दाखवून देतात की केतकरांनी जातीची जी दोन लक्षणे सांगितली ती वस्तुतः दोन नाहीत, एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत. जात कशी पसरली हे सांगताना अनुकरणाचा सिद्धांत येतो, तेथे गाब्रिएल तार्द या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाचे नाव ते घेतात.

आता मला सांगा, नावे घेतल्यामुळे बाबासाहेबांचा निबंध लहान झाला की मोठा झाला? चार माणसांची नावे घेतली म्हणूनच पाचवे म्हणणे कोणाचे ते वाचकाला कळले. नाव लपवणाऱ्याचे स्वतःचे म्हणणेही त्या ढिगात हरवते. विद्यार्थ्यांना वाटते की खूप संदर्भ दिले तर परीक्षक म्हणतील, याचे स्वतःचे काहीच नाही. गोष्ट नेमकी उलटी आहे.

१९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधातही हेच दिसते. केन्ससारख्या मोठ्या अर्थशास्त्रज्ञाचे नाव घेऊन त्याचे मत ते खोडतात. आणि त्या ग्रंथाला प्रस्तावना लिहिणारे प्रा. एडविन कॅनन यांनी लेखकाशी असलेले आपले मतभेद त्या प्रस्तावनेतच मोकळेपणाने नोंदवले. आपल्याकडे प्रस्तावना म्हणजे हारतुरे, त्यामुळे हे वाचून नवल वाटते.

आता नियमांकडे येतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली वाङ्मयचौर्य रोखण्यासाठी विनियम काढले. प्रबंधातील साम्य दहा टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही. दहा ते चाळीस टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचे. चाळीस ते साठ टक्के असेल तर सुधारित प्रबंध देण्यास एक वर्ष बंदी. साठच्या वर गेले तर नोंदणीच रद्द. प्रसिद्ध लेखांबाबत प्राध्यापकांनाही दंड आहे. लेख मागे घ्यावा लागतो, प्रमाण जास्त असेल तर वेतनवाढ थांबते, आणि दोन किंवा तीन वर्षे नवा संशोधक विद्यार्थी घेता येत नाही. तक्रार आधी विभागाच्या समितीकडे जाते, तेथून संस्थेच्या समितीकडे.

नियम चांगला आहे. पण त्यातून एक विचित्र समजूत पसरली आहे. विद्यार्थी विचारतात, "सर, दहा टक्के चालते ना?" जणू दहा टक्के चोरीची सवलत मिळाली आहे! यंत्र जे मोजते ते शब्दांचे साम्य होय, चोरी नव्हे. अवतरणचिन्हात नाव देऊन घेतलेला मजकूर, संदर्भसूची, कायद्यांची नावे, सर्वांना ठाऊक असलेली माहिती हे साम्यात धरायचे नाही असे विनियमांतच आहे. उलट शब्द न् शब्द बदलून दुसऱ्याचा सिद्धांत उचलला तर यंत्र शून्य टक्के दाखवील, आणि तरीही ती चोरीच असेल. म्हणून कागदावरच्या टक्क्यावर विसंबणारा मार्गदर्शक आपले काम यंत्रावर ढकलतो असे माझे स्पष्ट मत आहे. २०१९ पासून 'शोधशुद्धी' या योजनेखाली विद्यापीठांना अशी तपासणी-प्रणाली मिळू लागली ही सोय मोठी आहे. पण मराठीत छापलेले हजारो ग्रंथ, जुनी नियतकालिके, गौरवग्रंथ, आपल्या या स्मरणिकेसारख्या स्मरणिका संगणकावर आलेल्याच नाहीत. जे संगणकात नाही त्याच्याशी यंत्र ताडून पाहणार कसे? आणि इंग्रजीतून मराठीत आणलेली चोरी पकडण्यासाठी दोन्ही भाषांतले वाचलेला माणूसच लागतो.

अलीकडे आणखी एक भर पडली आहे. २०२२ च्या अखेरीपासून प्रश्न टाकताच निबंध लिहून देणारी संगणकीय साधने सर्वांच्या हातात आली. ती साधने कधी अस्तित्वात नसलेले ग्रंथही संदर्भ म्हणून देतात. ग्रंथालयात जाऊन ग्रंथ हातात घेतल्याशिवाय तो संदर्भसूचीत घालू नये, हा जुना नियम यामुळे नव्याने उपयोगी झाला आहे.

चोरी फक्त दुबळा विद्यार्थी करतो असा समज असेल तर तो काढून टाका. २००२ साली कुमाऊँ विद्यापीठाच्या तत्कालीन कुलगुरूंचे नाव असलेला भौतिकशास्त्राचा निबंध स्टॅनफर्डच्या प्राध्यापिका रेनाटा कॅलॉश यांच्या जुन्या निबंधावरून उचललेला असल्याचे उघडकीस आले. परदेशातील शास्त्रज्ञांनी थेट राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम यांना पत्र लिहिले, चौकशी झाली, आणि २००३ साली कुलगुरूंना पद सोडावे लागले. जर्मनीचे संरक्षणमंत्री गुटेनबर्ग यांच्या प्रबंधातील उचलेगिरी २०११ साली लोकांनी पानोपान शोधून काढली. बायरॉइट विद्यापीठाने पदवी काढून घेतली आणि मंत्रिपदही गेले.

मग शोधपत्रिकेने काय करावे? १९९७ साली ब्रिटनमधील वैद्यकीय शोधपत्रिकांच्या काही संपादकांनी एकत्र येऊन प्रकाशन-नीतीसाठी एक समिती स्थापन केली. तिचे मार्गदर्शन आज जगभरचे संपादक मानतात. संशय आला की संपादकाने आधी दोन्ही मजकूर शेजारी ठेवून ताडून पाहावे, मग लेखकाला लेखी विचारावे, खुलासा समाधानकारक नसेल तर लेख नाकारावा आणि गरज पडल्यास लेखकाच्या संस्थेला कळवावे. लेख आधीच प्रसिद्ध झाला असेल तर तो मागे घेतल्याची सूचना कारणासह छापावी. लेख गुपचूप नाहीसा करायचा नाही. तो राहतो, पण त्याच्यावर शिक्का बसतो. २००८ पासून मोठे प्रकाशक आपापले लेख एका सामायिक व्यवस्थेत ठेवतात, त्यामुळे नवा लेख छापण्याआधीच जुन्यांशी ताडून पाहता येतो.

ही पद्धत ऐकताना मला महापरिनिब्बान सुत्तातील चार महापदेश आठवतात. भोगनगरात भगवंतांनी भिक्खूंना सांगितले की कोणी म्हणेल हे मी प्रत्यक्ष भगवंतांकडून ऐकले, कोणी म्हणेल संघाकडून ऐकले, कोणी म्हणेल अनेक स्थविरांकडून, कोणी म्हणेल एका विद्वान स्थविराकडून. ऐकताक्षणी त्याचे स्वागत करू नका आणि धिक्कारही करू नका. ते शब्द नीट समजून घ्या, सुत्ताशी आणि विनयाशी ताडून पाहा, आणि मग ठरवा. आजच्या संपादकाला याहून वेगळे काय करायचे असते? त्याने आरोप झाल्याबरोबर लेखकाला चोर ठरवायचे नाही, आणि मोठे नाव आहे म्हणून तपासणी सोडायचीही नाही.

पण आपल्या विद्यार्थ्यांची गाठ पडते ती बहुधा दुसऱ्याच प्रकारच्या पत्रिकांशी. २०१० च्या सुमारास प्राध्यापकांच्या नेमणुका आणि बढत्या गुणांकांना जोडल्या गेल्या, लेख मोजले जाऊ लागले, आणि पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या पत्रिका पावसाळी छत्र्यांसारख्या उगवल्या. मे २०१८ मध्ये आयोगाने आपल्या मान्य यादीतून एका फटक्यात ४,३०५ पत्रिका वगळल्या. २०१९ साली 'केअर' ही नवी यादी आली, तिचे काम पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातून चाले. २०२५ साली तीही बंद झाली आणि पत्रिका पारखण्याची जबाबदारी संस्थांवर आणि संशोधकांवर आली. म्हणजे आता पारख तुम्हालाच करावयाची आहे. मोबाईलवर संदेश येतो: पाच दिवसांत प्रसिद्धी, प्रमाणपत्रासह, अमुक रुपये. पाच दिवसांत कोणता तज्ज्ञ लेख वाचून अभिप्राय देतो? मुखपृष्ठावर आय.एस.एस.एन. क्रमांक ठळक छापलेला असतो. तो फक्त ओळखक्रमांक आहे, दिल्लीहून विनामूल्य मिळतो, दर्जाशी त्याचा काही संबंध नाही. संपादक मंडळावर ज्यांची नावे आहेत त्यांना एक पत्र टाकून विचारा, आपण खरोखर या मंडळावर आहात काय? उत्तर वाचण्यासारखे असते. २०२२ च्या नव्या पीएच.डी. विनियमांत प्रबंधापूर्वी लेख छापण्याची सक्ती राहिलेली नाही, तेव्हा निदान त्या धास्तीने पैसे भरू नका.

आणखी एक बाब, जी विद्यार्थी दबक्या आवाजात सांगतात. काही ठिकाणी विद्यार्थ्याचे लेखन मार्गदर्शकच आपल्या नावावर छापतात, किंवा एक ओळ न लिहिता पहिले नाव स्वतःचे घालतात. विद्यार्थी बोलत नाही, कारण सही त्यांचीच हवी असते. अशा वेळी भांडण हा उपाय प्रत्येकाला परवडत नाही, पुरावा ठेवणे परवडते. टिपणवहीत तारखा घाला. प्रकरण मार्गदर्शकांना देताना ते ई-मेलने पाठवा, म्हणजे तारीख आपोआप राहते. संशोधनाचा आराखडा 'शोधगंगोत्री'वर ठेवता येतो, तो ठेवण्याचा आग्रह धरा. हा विषय आणि ही मांडणी तुमची होती हे त्यावरून सिद्ध होते.

आता मी ज्या मुद्द्यासाठी मुख्यतः उभा राहिलो तो सांगतो. या सर्व नियमांत चोरी होते ती छापलेल्या मजकुराची. पण आपल्या समाजाचे ज्ञान छापलेले किती आहे? जलशातले शाहीर, १९५६ च्या दीक्षेला नागपूरला पायी गेलेली माणसे, समता सैनिक दलात राबलेले कार्यकर्ते, जात्यावर भीमगीते रचणाऱ्या बाया, यांच्या आठवणी त्यांच्या तोंडात आहेत, नाहीतर पत्र्याच्या पेटीत. संशोधक येतो, चहा घेतो, ध्वनिमुद्रण करतो, पेटीतला 'जनता'चा अंक आणि जुने फोटो घेऊन जातो. दोन वर्षांनी निबंध छापून येतो. त्यात परदेशी तत्त्वज्ञांची नावे असतात, आणि आजीचे नाव "एक वृद्ध महिला" असे असते. अंक तर परत येतच नाही. कोणतेही यंत्र हे पकडणार नाही. टक्का शून्य. मी याला वाङ्मयचौर्य म्हणतो, आणि ते अधिक वाईट समजतो, कारण विद्यापीठातला लेखक तक्रार तरी करू शकतो.

हे करणारे सगळेच बाहेरचे असतात असेही नाही. आपली मुलेही करतात, आपल्याच आजीच्या बाबतीत करतात, कारण घरातले ज्ञान म्हणजे 'संदर्भ' असे त्यांना कोणी शिकवलेलेच नाही.

कसे करावे याचा नमुना आपल्याकडे आहे. १९८९ साली उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' हा ग्रंथ सिद्ध केला. आंबेडकरी चळवळीत काम केलेल्या स्त्रियांना त्या भेटल्या, मुलाखती घेतल्या, आणि त्या स्त्रिया ग्रंथात आपापल्या नावाने उभ्या राहिल्या. ज्यांचे नाव कोणत्याही इतिहासात नव्हते त्यांचे नाव संदर्भ झाले. चांगदेव खैरमोडे यांनी तर आयुष्य घालून बाबासाहेबांच्या चरित्राचे खंड सिद्ध केले, पहिला खंड १९५२ सालचा. त्यांनी गोळा केलेली माहिती आज शेकडो लेखांत फिरते, खैरमोडे हे नाव किती लेखांत असते ते तुम्हीच पाहा. आणि भदंत आनंद कौसल्यायन यांचे उदाहरण आपण विसरता कामा नये. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ महापरिनिर्वाणानंतर, १९५७ साली, प्रसिद्ध झाला. हिंदी अनुवाद करताना भदंतजींनी त्यातील वचनांची पाली ग्रंथांतील मूळ स्थाने शोधून नोंदवली. हे काम नावासाठी कोणी करत नाही. पुढच्या अभ्यासकाला वाट सापडावी म्हणूनच ते केले जाते.

विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष उपयोगाचे थोडे सांगतो. चोरी पुष्कळदा टिपण काढतानाच सुरू होते, लिहिताना नव्हे. वाचताना जसेच्या तसे उतरवले की लगेच अवतरणचिन्ह आणि पानाचा क्रमांक घाला, त्याच मिनिटाला; "नंतर घालू" म्हणाल तर सहा महिन्यांनी ते वाक्य तुमचेच आहे असे तुम्हालाच वाटेल. दुसऱ्याचा विचार आपल्या शब्दांत लिहायचा असेल तर पुस्तक मिटून लिहा. स्वतःचा विचार वेगळ्या शाईने लिहा. एका ग्रंथात दिलेला दुसऱ्या ग्रंथाचा उतारा घेत असाल तर तो कोठून घेतला ते खरे सांगा, मूळ ग्रंथ पाहिल्याचा आव आणू नका. आपलाच एक लेख नाव बदलून चार ठिकाणी देणे हेही आयोगाने २०२० साली गैर ठरवले आहे. मुलाखत घेतली तर व्यक्तीचे पूर्ण नाव, गाव आणि दिनांक लिहा, नाव देऊ का हे आधी विचारा, आणि लेख छापून आला की त्याची प्रत नेऊन द्या. वाचता येत नसेल तर वाचून दाखवा.

शेवटी आपल्या घरातली गोष्ट. आपल्या स्मरणिकेत दरवर्षी दीक्षाभूमीवर एक आणि रमाईंवर एक लेख असतो. गेल्या काही वर्षांचे अंक शेजारी ठेवले तर त्यांतले काही परिच्छेद एकमेकांची सख्खी भावंडे वाटतात. लेखकांची श्रद्धा खरी आहे, त्याबद्दल मला शंका नाही. पण संपादक मंडळाला माझी सूचना आहे की पुढील अंकापासून प्रत्येक लेखकाकडून एक साधा कागद घ्यावा: कोणत्या ग्रंथातून काय घेतले, कोणाशी बोललो, फोटो कोणाच्या पेटीतला. तो कागद संस्थेच्या दप्तरी राहू द्यावा. दुसरे म्हणजे, आपल्या वस्तीत ऐंशीच्या पुढची जी माणसे आहेत त्यांची यादी विद्यार्थ्यांनी या वर्षावासात करावी आणि त्यांच्या आठवणी त्यांच्याच नावाने नोंदवून घ्याव्यात. ध्वनिमुद्रण यंत्राची गरज नाही, मोबाईल पुरेसा आहे. ज्यांना नावे नोंदवायची आहेत त्यांच्यासाठी ग्रंथालयाच्या टेबलावर वही ठेवली आहे.



नमो बुद्धाय. जय भीम.